कोटितीर्थाच्या तळाशी

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा बालरोगतज्ज्ञाकडून अपेक्षित असलेले विषय माझ्याही मनात रांगेने उभे राहिले : लसीकरणाचे वेळापत्रक, प्रतिजैविकांचा अतिरेक, मोबाईल आणि मुले. हे सारे विषय महत्त्वाचे आहेत आणि आपल्यापैकी अनेकांनी त्यांवर माझ्याहून चांगले लिहिले आहे. या खेपेस मात्र मी एका चित्रकाराविषयी लिहिणार आहे. चित्रकलेतला मी अधिकारी नव्हे. केसपेपरवर मी काढलेली पोटाची आकृती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. परंतु या चित्रकाराचे काही देणे माझ्याकडे राहून गेले आहे असे मला वाटते, आणि ते कसे, हे सांगण्यासाठी घरातल्याच एका प्रसंगापासून सुरुवात करावी लागेल.

दोन वर्षांपूर्वी आईच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. वय ऐंशीच्या घरात. दुसऱ्या डोळ्याचे काम आटोपून चारसहा दिवस झाले असतील. सकाळी ती खिडकीशी बसली होती. म्हणाली, "आभाळ एवढं निळं असतं हे मी विसरूनच गेले होते रे." आपल्यातील नेत्रतज्ज्ञांना यात नवल वाटणार नाही. पिकलेले भिंग पिवळसर होते आणि निळा प्रकाश अडवून धरते. ते काढले की काही दिवस जग जरा जास्तच निळे भासते. क्लोद मोने या विख्यात फ्रेंच चित्रकाराची १९२३ साली हीच शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर रंग बदलल्याची त्यांची तक्रार डॉक्टरांना पुष्कळ दिवस ऐकावी लागली. आईची तक्रार नव्हती. तिला आनंद झाला होता. त्या आनंदाच्या भरातच तिने विचारले, "सोप्यातलं तळ्याचं चित्र माळ्यावर ठेवलंस ना? आण बघू खाली. आता त्यातलं पाणी नीट दिसेल मला."

ते चित्र माळ्यावर नव्हते. कुठेच नव्हते.

शहापुरातील आमचे जुने घर कौलारू होते. आजोबांचा हातमागाच्या शहापुरी साड्यांचा व्यापार. त्यानिमित्त त्यांचे निपाणी-कागलमार्गे कोल्हापूरला नित्य जाणे-येणे असे. शहापूर त्या काळी सांगली संस्थानात, बेळगाव इंग्रजी अमलात आणि कोल्हापूर छत्रपतींचे. पण व्यापाऱ्याला आणि विणकराला या सीमांचा विशेष अडथळा नसावा. असेच केव्हातरी कोल्हापुरातील कोणा व्यवहारात, उधारीच्या मोबदल्यात म्हणे, एक लहानसे चित्र आमच्या घरी आले. वीतभर उंच, दीड वीत रुंद. तळे, दगडी पायऱ्या, पलीकडे झाडी आणि तिन्हीसांजेचा उजेड. खाली उजव्या कोपऱ्यात सही होती. ओलीने ती पुसट झाली होती. मी त्या चित्राखाली बसून अभ्यास केला, त्याखालीच मुंज झाली आणि त्याखालीच मी वैद्यकीय प्रवेशाची यादी घेऊन आलो. २००६ साली घर पाडून नवे बांधले. माझा दवाखाना तेव्हा नुकता नावारूपाला येत होता, श्वास घ्यायला सवड नव्हती. कंत्राटदाराने विचारले, "डॉक्टर, या फुटक्या फ्रेमा काय करायच्या?" मी न पाहताच "भंगारात द्या" असे सांगितले. पाच-सहा फ्रेमा होत्या. त्यांत ते तळे गेले.

आईला हे सांगायला मला दोन दिवस लागले. ती रागावली नाही. "बरं" एवढेच म्हणाली. वाचकहो, रुग्णाच्या नातेवाइकांनी आरडाओरडा केलेला मला अनेकदा सोसवला आहे. ते "बरं" मात्र सोसवेना.

त्यानंतर महिनाभराने एका परिषदेसाठी कोल्हापूरला गेलो होतो. दुपारचे सत्र चुकवून टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात शिरलो. टाऊन हॉलची ही इमारत १८७०च्या दशकात मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्याप्रमाणे उभी राहिली. आत ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली, समुद्रदेव पोसायडनची लहानशी कांस्यमूर्ती आहे आणि बहुतेक लोक तीच पाहायला येतात. मीही तीच पाहायला गेलो होतो. परंतु चित्रांच्या दालनात एका निसर्गचित्रासमोर पाय थबकले. जवळून पाहिले तर नुसते रंगांचे ठिपके आणि लहान लहान फटकारे; चार पावले मागे सरकलो तर हवा, ओलावा आणि मावळता उजेड. आमच्या सोप्यातले तळे असेच होते. जवळ गेलो की विस्कटायचे आणि अभ्यासाच्या पाटावरून पाहिले की पुन्हा जुळायचे. चित्राखाली नाव होते आबालाल रहिमान.

आमचे चित्र आबालालांचे होते, असा माझा मुळीच दावा नाही. कोल्हापुरात त्या काळी तळी रंगवणारे हात पुष्कळ होते. पण त्या दिवसापासून मी या माणसाविषयी मिळेल ते वाचू लागलो, आणि जे कळले त्याने अस्वस्थ झालो.

आबालालांचे मूळ नाव अब्दुल अझीझ. जन्म कोल्हापूरचा, १८६०च्या सुमाराचा. घराण्यात कुराणाच्या हस्तलिखित प्रती करण्याची परंपरा होती. वळणदार अक्षर आणि त्याभोवतीची नाजूक नक्षी यांचे बाळकडू त्यांना घरातच मिळाले. शाळा थोडकीच झाली. पण फार्सी-अरबीची ओळख होती. कोल्हापुरातील एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्नीने या मुलाची रेखाटने पाहिली आणि तिच्या खटपटीने तो मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत पोहोचला, अशी हकीकत सांगतात. तो १८८०च्या दशकाचा काळ. जॉन ग्रिफिथ्स तेथे मुख्य होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे प्रचंड काम त्यांच्याच देखरेखीखाली चालले होते. शिक्षणाची पद्धत मात्र अस्सल इंग्रजी : आधी प्लास्टरचे पुतळे, मग जिवंत माणूस, छायाप्रकाशाचे काटेकोर मोजमाप. आबालाल या शिस्तीत तरबेज झाले. जे.जे.च्या संग्रहात राहिलेली त्यांची विद्यार्थिदशेतील रेखाटने शरीररचनेच्या आपल्या प्राध्यापकांनीही मान डोलवावी अशी आहेत. स्नायू कोठे सुरू होतो आणि कोठे हाडाला चिकटतो, हे त्यात कळते.

मुंबईत राहिले असते, तर व्यक्तिचित्रांच्या मागणीवर बऱ्यापैकी मिळकत झाली असती. ते कोल्हापूरला परतले. १८९४ साली शाहू महाराजांच्या हाती राज्यकारभार आला. माणूस हेरण्याची महाराजांची नजर सर्वश्रुत आहे. अल्लादिया खाँसाहेबांसारखा गवई त्यांनी दरबारी राखला, मल्लांना खासबागेचे मैदान दिले. तसाच हा अबोल चित्रकारही त्यांनी जवळ केला. दरबारचे चित्रकार म्हणून आबालालांना आश्रय मिळाला. महाराज शिकारीला निघाले की तेही बरोबर असत आणि रानातील प्रसंग रंगवीत. पण त्यांचे मन शिकारीत नसावे. ते कोटितीर्थ तलावाच्या काठी राहत आणि तेच तळे पुन्हा पुन्हा रंगवीत. कोटितीर्थ, रंकाळा, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा आणि उन्हाळ्यात वर येणारा रंकाळ्यातील संध्यामठ, पंचगंगेचा घाट : सगळा मुलूख दोन कोसांच्या आतला.

येथे थोडे थांबावेसे वाटते. पॅरिसमध्ये १८७४ साली मोने आणि त्यांच्या मित्रांनी आपले पहिले प्रदर्शन भरवले आणि एका टीकाकाराने कुचेष्टेने दिलेल्या नावावरून 'इम्प्रेशनिझम' हा शब्द रूढ झाला. आपल्याकडे त्याला दृक्‌प्रत्ययवाद म्हणतात. शब्द जड आहे, कल्पना साधी आहे. वस्तू काय आहे हे रंगवायचे नाही, त्या क्षणीच्या उजेडात ती कशी दिसते ते रंगवायचे. सावली काळी नसते, तिच्यात निळा असतो, जांभळा असतो. पाण्याला स्वतःचा रंग नसतो. हे सिद्धान्त पॅरिसच्या कॉफीगृहांत घासूनपुसून तयार होत होते, तेव्हा आपला हा मनुष्य विलायतेस न जाता, तळ्याकाठी बसून, आपल्या डोळ्यांनी त्याच जागी पोहोचत होता. ठिपक्या-ठिपक्यांनी रंग शेजारी ठेवायचे आणि ते मिसळण्याचे काम पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर सोपवायचे, ही त्यांची रीत. अभ्यासक त्यांची तुलना फ्रेंच चित्रकारांशी करतात. मला ती तुलना गौरवापुरती ठीक वाटते. कोल्हापूरचा पावसाळी उजेड नॉर्मंडीत कोठून असणार?

बालरोगतज्ज्ञाला उजेडाचे महत्त्व वेगळ्याच कारणाने कळलेले असते. आमचे गुरुजी म्हणत, नवजात बाळाची कावीळ ट्यूबलाइटखाली पाहाल तर फसाल; बाळाला खिडकीशी न्या, कपडे काढा आणि दिवसाच्या उजेडात पाहा. प्रसूतिगृहाचे पिवळे किंवा हिरवे पडदे किती निदाने चुकवतात, हे आपण जाणतोच. आता बिलिरुबिन मोजायला यंत्रे आहेत. तरीही अजून मी बाळाला खिडकीशी नेतो, आणि अलीकडे तसे नेताना मला कोटितीर्थाची आठवण होते.

याच सुमारास, पोलिओनिर्मूलनाच्या एका व्याख्यानात, वक्त्याने सुरुवातीलाच पडद्यावर एक चित्र दाखवले. समुद्रकिनारा, गडद निळे पाणी, आणि काठाशी नागडी मुले. पहिल्या क्षणी वाटले, सुटीचा दिवस दिसतो. मग कुबड्या दिसल्या. मधोमध काळ्या झग्यातील एक धर्मबंधू एका मुलाला दंडाला धरून सावरतो आहे. त्या मुलाचे पाय वाळलेले, गुडघा मागे गेलेला. सभागृहातील आम्हा पन्नाशीच्या मंडळींना निदान सांगावे लागले नाही. निवासी डॉक्टर असताना आम्ही असे पाय रोज पाहत होतो. १९९५ साली पल्स पोलिओ सुरू झाला, १३ जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओचा एकही रुग्ण आढळला नाही आणि मार्च २०१४ मध्ये आपला विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. आज एम.डी. करणाऱ्या मुलांना तो पाय फक्त पुस्तकात दिसतो.

चित्र होते होआकीन सोरोया या स्पॅनिश चित्रकाराचे, १८९९ सालचे. नाव 'दुःखद वारसा'. सोरोया हे आबालालांचे अगदी समकालीन, १८६३ साली व्हॅलेन्सियात जन्मलेले. दोन वर्षांचे असताना कॉलऱ्याच्या साथीत आई-वडील दोघेही गेले. मावशी आणि कुलपे करणारे तिचे यजमान यांनी वाढवले. ऊन रंगवावे तर सोरोयांनी, असा त्यांचा लौकिक होता. ओल्या वाळूवरचे ऊन, शिडातून गाळून आलेले ऊन, पाण्यातून निघालेल्या पोराच्या पाठीवरचे ऊन! अशा माणसाने व्हॅलेन्सियाच्या किनाऱ्यावर, धर्मार्थ रुग्णालयातून स्नानाला आणलेली ही मुले पाहिली आणि सुमारे सात फूट उंच, साडेनऊ फूट रुंद असे चित्र केले. १९००च्या पॅरिस विश्वप्रदर्शनात त्यांना सर्वोच्च पारितोषिक मिळाले. पण हे चित्र रंगवताना इतका त्रास झाला की पुन्हा असा विषय घेतला नाही, असे ते सांगत.

त्या नावात एक चूक आहे, ती आपल्याला लगेच कळते. आई-बापांच्या दुराचाराचे, व्यसनांचे आणि गुप्तरोगांचे फळ मुले भोगतात, अशी त्या काळची समजूत होती. 'वारसा' हा शब्द त्या समजुतीतून आला. पोलिओ हा विषाणूचा रोग आहे हे लँडस्टायनर आणि पॉपर यांनी दाखवून दिले त्याला अजून नऊ-दहा वर्षे अवकाश होता. निदान चुकले, निरीक्षण मात्र तंतोतंत. गुडघ्याचा तो मागे गेलेला कोन आजही विद्यार्थ्यांना दाखवावा असा आहे. सोरोयांचा वैद्यकाशी संबंध एवढ्यावरच संपत नाही. मज्जाविज्ञानातील डॉ. सिमार्रो यांना प्रयोगशाळेत, दिव्याच्या उजेडात काम करताना त्यांनी १८९७ साली रंगवले. गॉल्गींची रंजनपद्धती रामोन इ काहाल यांनी प्रथम पाहिली ती याच सिमार्रोंकडे. पुढे १९०६चे नोबेल पारितोषिक गॉल्गी आणि काहाल यांना विभागून मिळाले, आणि काहाल यांचेही व्यक्तिचित्र सोरोयांनी केले.

जून १९२० मध्ये, माद्रिदमधील आपल्या घराच्या बागेत एका स्त्रीचे व्यक्तिचित्र रंगवीत असताना सोरोयांना पक्षाघाताचा झटका आला. अर्धे अंग गेले. ऑगस्ट १९२३ मध्ये ते वारले. पुन्हा कुंचला धरता आला नाही. त्यांची पत्नी क्लोतिल्दे हिने मृत्युपत्र करून ते घर, बाग आणि घरातली सारी चित्रे राष्ट्राला दिली. १९३२ साली त्याच घरात त्यांचे संग्रहालय उघडले.

सोरोया अर्धांगाने अंथरुणाला खिळले होते त्याच काळात, ६ मे १९२२ रोजी मुंबईत शाहू महाराजांचे निधन झाले. कोल्हापूर पोरके झाले. दरबारी आश्रयावर जगणाऱ्या कलावंतांनी आपापली वाट धरली. अल्लादिया खाँसाहेब मुंबईला गेले. बाबूराव पेंटरांनी १९१७ सालीच महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली होती. त्यांना चित्रपटाचा मोठा पडदा मिळालेला होता. आबालालांना कोटितीर्थाशिवाय दुसरे ठिकाण नव्हते. महाराज गेल्याच्या दुःखात त्यांनी आपली चित्रे त्या तळ्यात बुडवली, असे कोल्हापूर आजवर सांगत आले आहे. किती, याचे आकडे सांगणारागणिक बदलतात. शेकडो म्हणणारे आहेत, हजारो म्हणणारेही आहेत. कागदावरचा जलरंग पाण्यात किती वेळ धीर धरणार? ज्या तळ्याचा उजेड आयुष्यभर कागदावर उतरवला, त्याच तळ्यात तो कागद विरघळला.

आपण डॉक्टर मंडळी येथे लगेच निदान करू : तीव्र शोकप्रतिक्रिया, नैराश्य. मीही पहिल्यांदा तसेच म्हटले. आता म्हणवत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाची नाडी पाहता येत नाही, आणि जो एकच माणूस आपली चित्रे समजून पाहत होता तो गेल्यावर ती कोणासाठी ठेवायची, हा प्रश्न आजारी मनाचाच असतो असे नाही. पुढची नऊ वर्षे ते फकिरासारखे राहिले. रंग विकत घ्यायला पैसे नसले की पाने आणि दगड कुटून स्वतः रंग करीत, वाण्याच्या सामानाच्या बदल्यात चित्र देत, अशा गोष्टी सांगतात. हे वाचताना मला आजोबांची उधारी आठवली आणि मी पुस्तक मिटले. २८ डिसेंबर १९३१ रोजी आबालालांचे देहावसान झाले.

क्लोतिल्देसारखे कोणी मागे नव्हते, तरी सारे बुडाले असे नाही. बाबूराव पेंटरांची पिढी त्यांना गुरुस्थानी मानत होती. चित्रपटांतून आपल्याला ठाऊक असलेले चंद्रकांत मांडरे उतारवयापर्यंत कोल्हापूरच्या आसमंतातील निसर्गचित्रे करीत राहिले. आपल्या बेळगावातही के. बी. कुलकर्णी सरांनी उघड्यावर बसून उजेड पाहायला कितीतरी मुलांना शिकवले. २०२२ साली निवर्तलेले रवी परांजपे हे त्यांचेच विद्यार्थी आणि आपल्याच गावचे. कोल्हापूरची आणि बेळगावची परंपरा एकच, असे मी म्हणत नाही. कलासमीक्षक मला फाडून खातील. पण तवंदीचा घाट उतरून निपाणीच्या तंबाखूचा वास नाकात शिरला की उजेड बदलतो आणि कोल्हापूरपर्यंत तसाच राहतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

शहापुरात आणि खडेबाजारात आता जुनी घरे भराभर उतरत आहेत. तेथील पुष्कळ कुटुंबे आपली रुग्ण आहेत. एखाद्या घरभेटीत कोनाड्यातले किंवा जिन्यावरचे काळवंडलेले चित्र दिसले, तर ते भिंतीवरून काढण्यापूर्वी कोणा जाणत्याला दाखवा, एवढे मी हल्ली घरच्यांना सांगतो. गेल्या वर्षी एका घरी असे सांगितल्यावर आजीबाईंनी पलंगाखालून एक पेटी ओढून काढली. आत चित्र नव्हते, भाच्याच्या लग्नाचे फोटो होते. ते पाहण्यात अर्धा तास गेला आणि ओपीडीला उशीर झाला.

या हिवाळ्यात आईला कोल्हापूरला घेऊन गेलो. टाऊन हॉलमध्ये आबालालांच्या चित्रासमोर तिला खुर्ची मिळाली. ती बराच वेळ बसली, उठून जवळ गेली, मागे आली. "छान आहे," ती म्हणाली, "पण आपलं तळं हे नव्हे." तेथून कोटितीर्थावर गेलो. महाराजांनी १९०६ साली काढलेल्या आणि आता बंद पडलेल्या शाहू मिलच्या बाजूने गाडी आत घेतली. दुपार कलत होती. पाण्यावर ऊन तिरपे पडले होते. आई काठाशी उभी राहून पायऱ्यांकडे पाहत होती.

"आपल्या चित्रात खालच्या पायरीवर एक बाई बसली होती," ती म्हणाली. "पाण्यात हात घालून. लहानशी, ठिपक्याएवढी. तुला आठवत नाही?"

मला आठवत नव्हते.